'संगीत शारदा' १३ ते १९ वयाच्या मुलांना घेऊन: पदं किती ठेवावी, पट्टी कशी ठरवावी?

फोंड्याची_तालीम

नमस्कार मंडळी. आमच्या युवा नाट्यसंस्थेने यंदा गो. ब. देवलांचं 'संगीत शारदा' (पैशासाठी लहान मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न ठरवल्याची गोष्ट) करायचं ठरवलं आहे. मुलं २२, त्यांत १४ मुली आणि ८ मुलगे. रीतसर गाणं शिकणारी पाचच, बाकीची सुरात आहेत पण तालात डळमळतात. हातात १६ आठवडे आहेत, आठवड्यातून तीन तालमी, प्रत्येकी दोन तासांची. पहिला प्रयोग बंद नाट्यगृहात आणि दुसरा जात्रेला देवळाच्या प्राकारात. साथीला ऑर्गन आणि तबला.

अडचणी अशा: मध्यंतर धरून नाटक सव्वादोन तासांत बसवायचं आहे. मग पदं, म्हणजे नाटकातली गाणी, कोणत्या हिशेबाने कमी करावी? हे लग्न रोखणाऱ्या तरुण कोदंडासाठी मनात असलेला मुलगा १६ वर्षांचा, त्याचा आवाज नुकताच फुटला आहे. म्हातारा नवरदेव भुजंगनाथ करणारा १८ वर्षांचा, तो कमरेत वाकून थरथरत्या आवाजात बोलतो आणि सगळं खोटं वाटतं. आणि मुख्य म्हणजे पद सुरू झालं की नाटक थांबतं. मुलं समोर येऊन उभी राहतात, गातात, पद संपलं की परत पात्रात शिरतात. यावर ठोस उपाय हवे आहेत. मुलांची घरची बोली कोंकणी आणि शाळा इंग्रजी, हेही लक्षात घ्यावं.

पायपेटी

आधी हिशेब मांडा, मग कात्री लावा. १३५ मिनिटांतून मध्यंतराची १५ वजा केली की १२० उरतात. प्रवेश बदलायला आणि प्रेक्षकांच्या हशाटाळ्यांना १० धरा. पदाला सरासरी अडीच मिनिटं लागतात, १४ पदं म्हणजे ३५ मिनिटं. गद्याला उरली ७५. मुलं सावकाश आणि स्पष्ट बोलली तर मिनिटाला सुमारे ११० शब्द होतात, म्हणजे तुमची गद्य संहिता सव्वाआठ हजार शब्दांच्या आत हवी. हा आकडा हाताशी नसेल तर नाटक तीन तासांवर जातं. मग रंगीत तालमीत घाईघाईने कापाकापी होते आणि नेमकी कथेची सांधणारी वाक्यं उडतात.

कोणती १४ ठेवायची? संहितेत प्रत्येक पदाशेजारी एकच गोष्ट लिहा: हे पद काढलं तर पुढच्या वाक्याला काही फरक पडतो का? पडत असेल तर पद पूर्ण ठेवा. फरक पडत नाही पण भाव गडद होतो, अशा पदाचं धृपद आणि एक कडवं पुरे. गद्यात आलेलंच पुन्हा सांगणारं पद निर्धास्तपणे काढा. 'मूर्तिमंत भीती उभी' आणि 'म्हातारा इतुका न' यांना मात्र हात लावू नका. पहिल्यात शारदेचं मन आहे, दुसऱ्यात तिच्या मैत्रिणींचं जग. मैत्रिणींची थट्टा जितकी मोकळी होईल तितकी शारदेची भीती खरी वाटेल.

काढलेलं प्रत्येक पद फुकट घालवायचं कारण नाही. साकी आणि दिंडी या चालींच्या रचना न गाणाऱ्या मुलांना लयीत म्हणायला द्या. साकीची ओळ २८ मात्रांची, १६ वर विसावा आणि पुढे १२. दिंडी १९ मात्रांची, ९ आणि १०. टाळी देत नुसती म्हणायची, खाली ऑर्गनने षड्ज-पंचम (सा-प) धरायचा. तालात डळमळणाऱ्या मुलांचा ताल यातूनच पक्का होतो, आणि नाटकाचा बाज न हरवता प्रत्येकी दीड-दोन मिनिटं वाचतात.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या स्वरावर धरायचा ते. ध्वनिमुद्रिका ऐकून पट्टी ठरवू नका. गोव्यात मुलांच्या कानावर मास्टर दीनानाथांपासून रामदास कामत, प्रसाद सावकारांपर्यंतची नाट्यगीतं असतात, ती आपली श्रीमंतीच आहे. पण ती गायकी कमावलेल्या गळ्यांची आहे. मूल त्या पट्टीला आणि त्या तानांना धरायला गेलं की घसा आवळतं आणि शब्द गिळतं.

प्रत्येक गायक मुलाची चाचणी स्वतंत्र घ्या, आणि ती तालमीच्या शेवटी घ्या, गळा थकलेला असताना. 'आ' म्हणत खाली जात जात स्वच्छ लागणारा सर्वांत खालचा स्वर शोधा. मग वर जाऊन न ओरडता लागणारा सर्वांत वरचा. पदातला सगळ्यात उंच स्वर त्या वरच्या टोकाच्या निदान एक पूर्ण स्वर खाली बसला पाहिजे, कारण प्रयोगाच्या दिवशी धडधडीने आवाज वर सरकतो. मुलींना बहुधा पेटीची काळी चार किंवा काळी पाच (चौथी किंवा पाचवी काळी पट्टी) मानवेल. १३-१४ वर्षांच्या काही जणींना पांढरी पाच बरी पडते.

आवाज फुटलेल्या मुलाबाबत सबुरी हवी. त्याचा खालचा स्वर नवा आलेला असतो आणि मधले दोन-तीन स्वर घसरतात. घसरणारे स्वर नेमके कोणते ते दर आठवड्याला तपासून लिहून ठेवा. पद असं बसवा की मुक्काम त्या स्वरांवर पडणार नाही. मध्य सप्तकातल्या पंचम-धैवताच्या वर त्याला नेऊच नका, तार षड्जाची जागा खाली वळवा. सूर चुकला तर जुन्या, लहानपणीच्या आवाजात शिरून तो सावरायची सवय त्याला असते, ती मोडावी लागते. दहाव्या आठवड्यात शेवटचा निर्णय घ्या. तेव्हाही स्वर ठरत नसतील तर त्याची पदं दोनवर आणा आणि बाकीचं लयीत बोलू द्या. भूमिका काढून घेऊ नका. कोदंडाचं बळ त्याच्या युक्तिवादात आहे, तानेत नाही.

वादकांसाठी एकाच कागदावर तक्ता हवा: पद, गाणारं पात्र, पट्टी, ताल, लय, आणि पदाआधीचं शेवटचं वाक्य अक्षरशः जसं बोललं जातं तसं. हा कागद नसेल तर ऑर्गनवाले बुवा पट्टी चाचपडतात आणि प्रेक्षकांना ती चाचपड ऐकू येते.

राहिला तुमचा मुख्य प्रश्न, नाटक थांबण्याचा. बहुतेक वेळा याचं मूळ ऑर्गनच्या लांब आलापीत असतं. संवाद संपतो, मग पेटी वाजते, मूल गप्प उभं राहतं, मग सम (तालाची पहिली मात्रा) शोधत गातं. त्याऐवजी संवादाचं शेवटचं वाक्य चालू असतानाच ऑर्गनने खाली हलका षड्ज धरावा. वाक्य संपलं की मुलाने थेट शब्द उचलावा. पहिल्या ओळीला ठेका नको, दुसऱ्यांदा ओळ येईल तेव्हा तबला समेवर यावा. मुखडा (पदाची सुरुवातीची ओळ) समेआधी उठत असेल तर मुलांना मात्रा मोजायला लावू नका. आधीच्या वाक्याचा शेवटचा शब्दच त्या लयीत बसवा, तोच त्यांची उचल होतो.

ऑर्गन एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला ही जुनी मांडणी मोठ्यांना चालते. इथे दोघांनाही एकाच बाजूला, मुलांच्या नजरेच्या टप्प्यात बसवा.

तिसरी_घंटा

पायपेटी यांनी संगीत नेमकं सांगितलं आहे. मी तालमीकडून लिहितो.

पदाशी नाटक थांबतं त्याचं दुसरं कारण म्हणजे मुलं चाल आधी शिकतात आणि शब्द नंतर. क्रम उलटा करा. पहिले दोन आठवडे सगळी पदं फक्त गद्यासारखी वाचायची, समोरच्या पात्राच्या डोळ्यांत बघून. प्रत्येक ओळीला विचारायचं: हे कुणाला उद्देशून आहे? समोरच्याला, स्वतःला, देवाला की प्रेक्षकांना? ठरलेलं उत्तर संहितेत ओळीशेजारी लिहा. नजर कुठे राहील ते त्यावरून ठरतं, आणि मूल आपोआप पुढे येऊन उभं राहायचं सोडतं. तिसऱ्या ते सातव्या आठवड्यात गाण्याची तालीम वेगळी आणि गद्याची वेगळी. आठव्यापासून दोन्ही एकत्र, आणि त्यानंतर एकही पद सुटं बसवायचं नाही. निदान त्याआधीचं अर्धं पान आणि नंतरचं अर्धं पान घेऊनच. शेवटचे तीन आठवडे सलग प्रयोग करा, मध्ये थांबवणं बंद, टिपा शेवटी. चतुर्थीच्या आठवड्यात फोंड्यात कुणी तालमीला येत नाही, तो वेळापत्रकातून आधीच काढा. दहावी-बारावीची मुलं असतील तर परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत नवं काही बसवू नका.

पदातून परत गद्यात येतानाही फट पडते. पदाची शेवटची ओळ विरायच्या आत दुसऱ्या पात्राने बोलायला सुरुवात करावी. टाळ्या आल्या तर पात्राने तोच पवित्रा धरून थांबायचं, वाकायचं नाही. 'वन्स मोअर' द्यायचा की नाही ते आधी ठरवून वादकांनाही सांगा. मुलांच्या प्रयोगात तो न दिलेला बरा, दुसऱ्यांदा गाताना आवाज थकतो आणि प्रवेशाचा ताण जातो.

'म्हातारा इतुका न' शारदेची मैत्रीण वल्लरी हिला एकटीला देऊन बाकीच्या मुली मागे टाळ्या वाजवत उभ्या, हा सोपा मार्ग टाळा. पदात दात, कान, डोळे, मान, केस, कंबर असा एकेका अवयवाचा समाचार घेतला आहे. सहा मुलींना एकेक द्या. प्रत्येकीने आपला अवयव अंगाने दाखवायचा, पण गाताना नाही; आधीची मुलगी गात असताना. म्हणजे दृश्य आधी आणि शब्द मागून येतो, हशा शब्दावर पिकतो. धृपद सगळ्यांनी मिळून. आणि ह्या सगळ्यात शारदेला हसू येतं की डोळे भरतात, ते दिग्दर्शकाने ठरवलंच पाहिजे. माझ्या मते आधी ती हसते आणि हळूहळू हसणं थांबतं. बाकीच्यांनी ते न बघता गात राहावं.

भुजंगनाथाबद्दल. तो मुलगा म्हातारा दाखवायला जातो आहे, तिथेच चुकतं. भुजंगनाथ स्वतःला म्हातारा मानतच नाही. पाऊणशे वयाचा हा माणूस तरुण दिसायची धडपड करतो. म्हणून त्या मुलाला ताठ उभं राहायला सांगा, ऐटीत चालायला सांगा. मग त्यात फक्त तीन अडथळे घाला: बसताना मांडीला हाताचा आधार, उठताना एक थांबा, आणि मान वळवायची असेल तर खांद्यासकट वळणं. ताठपणा आणि हे अडथळे एकत्र आले की वय दिसतं, आणि हसूही तिथूनच येतं. थरथरता आवाज पूर्ण बंद करा. त्याने घसा बसतो आणि शेवटच्या रांगेला शब्द कळत नाहीत. आवाज आहे तोच, फक्त लांब वाक्यात एक श्वास जास्त. रंगभूषेतही सुरकुत्यांच्या रेघा ओढू नका, लांबून त्या मळासारख्या दिसतात. काळे केलेले केस आणि कानशिलाजवळ सुटलेला पांढरा पट्टा एवढं पुरे.

शारदेचा बाप कांचनभट याला खलनायक करण्याचाही मोह होतो. त्याच्या हिशेबात मुलीचं भलं आणि आपला फायदा एकच आहे. तो शांतपणे, पटवून देत बोलला तर जास्त भयंकर वाटतो.

भाषेविषयी. देवल स्वतः तालीममास्तर होते, त्यांचं गद्य बोलायलाच लिहिलेलं आहे, तेव्हा ते सोपं करू नका. अवघड शब्दाचा अर्थ सांगा, शब्द बदलू नका. घरात कोंकणी असलेल्या मुलांना ळ आणि ण यांचा त्रास सहसा नसतो. फरक पडतो तो वाक्याच्या हेलात. कोंकणी हेल वाक्याच्या शेवटी लांबतो आणि क्रियापद विरून जातं. त्यावर उपाय म्हणजे रोज दहा मिनिटं वाक्याचा शेवटचा शब्द पहिल्याइतक्याच जोराने म्हणायचा सराव. इंग्रजी शाळेतल्या मुलांची च आणि ज यांची दोन-दोन उच्चारणं मिसळतात. 'चाकर' आणि 'चिंता', 'जग' आणि 'जीव' अशा जोड्या संहितेतूनच काढून भिंतीवर लावा.

आणखी एक, आणि यात कुचराई नको. शारदा नदीवर जीव द्यायला जाते तो प्रवेश. तो भाग प्रत्यक्ष दाखवू नका, ती विंगेत जाते आणि पुढचं बाहेरच्या पात्रांच्या प्रतिक्रियेतून कळतं. हा प्रवेश बसवण्याआधी मुलांशी आणि पालकांशी मोकळेपणी बोला. नाटक १८९९ चं असलं तरी शारदा करणारी मुलगी आज तेवढ्याच वयाची आहे. तालीम झाल्यावर त्या मुलीला लगेच घरी पाठवू नका, सगळ्यांनी मिळून एखादं समूहपद म्हणून मगच तालीम मोडायची.

विंगेतली_ताई

वेशभूषा आणि आवाजाची व्यवस्था या दोन गोष्टी एकत्रच ठरवाव्या लागतात, म्हणून एकत्र लिहिते.

लग्नापर्यंत शारदा आणि मैत्रिणी परकर-पोलक्यात. इंदिराकाकू आणि इतर बायका नऊवारीत. पटकन बदल असेल तर शिवलेली नऊवारी घ्या. बदल नसेल तर नेसलेलीच बरी, बसता-उठताना ती खरी दिसते. मुलग्यांना धोतरात चालता येत नाही, पाऊल अडकतं किंवा ती मुलं सारखी निऱ्या सावरतात. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक तालमीला जुना पंचा नेसायला लावा.

२२ जणांना कॉलर माइक देऊ नका. गाणाऱ्या मुख्य पाच-सहा जणांना द्या, समूहासाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन फूटमाइक. ट्रान्समीटर मागे कासोट्याखाली गेला तर बसताना दबतो आणि तार तुटते. तो कमरेला बाजूला, आतल्या पट्ट्यावर बांधा. माइक पदराच्या काठाला लावला तर जरीचा खरखराट येतो. केसांच्या रेषेत किंवा गालाशी टेपने लावा, आणि टेपआधी त्वचा पुसून कोरडी करा. आपल्या हवेत घामाने टेप दुसऱ्या अंकात सुटतेच, मध्यंतरात सगळ्यांची बदला. मंगळसूत्र आणि ठुशी माइकवर आपटत नाहीत ना, हे रंगीत तालमीतच बघा.

नाट्यगृहातल्या वातानुकूलनाने तबल्याची पुडी (वरचं कातडं) कोरडी पडते आणि सूर चढतो. बाहेरच्या दमटपणात उलट, उतरतो. म्हणून तबला प्रयोगाच्या तासभर आधी रंगमंचावर नेऊन ठेवा, यंत्रणा चालू करा आणि मगच लावा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा ऑर्गनला जुळवून घ्या, ऑर्गन तानपुऱ्याला जुळत नाही.

प्राकारातल्या प्रयोगाला वेगळी तयारी लागते. उघड्यावर आवाज परत येत नाही, त्यामुळे मुलं आपोआप ओरडू लागतात. त्यांच्या बाजूला ऑर्गनचा आवाज देणारा एक स्पीकर ठेवलाच पाहिजे. मंचाची खोली कमी असते, तेव्हा मैत्रिणींचा समूह दोन ओळींऐवजी अर्धवर्तुळात बसवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार सणासमारंभांना वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमच्या जात्रेचा दिवस त्यात आहे का, हे देवस्थान समितीकडून लेखी घ्या. नसेल तर पावणेसातला नांदी सुरू झाली पाहिजे, कारण आरती-पालखीमुळे अर्धा तास सहज जातो.

हक्कांविषयी कुणी विचारलं तर: देवल १९१६ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा मूळ संहिता आणि पदं मोकळी आहेत. पण अलीकडे कुणी संपादित केलेली रंगावृत्ती किंवा नव्याने बांधलेली चाल वापरणार असाल तर परवानगी घ्या.

फोंड्याची_तालीम

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता आणि शब्दसंख्येचा हिशेब आजच करायला घेतो. दोन गोष्टी राहिल्या. लग्न मोडतं त्या प्रवेशात मंगलाष्टका समूहाने म्हणायच्या आहेत. मुलगे आणि मुली एकत्र, कोणत्या पट्टीत? आणि शारदेसाठी दोन मुली घेऊन अर्धं-अर्धं नाटक वाटून द्यावं का?

पायपेटी

मंगलाष्टका मुलींच्या सोयीने काळी चारला धरा. मुलगे त्याच स्वरांत एक सप्तक खाली म्हणतील, मधली पट्टी शोधलीत तर दोघांचेही आवाज पडतील. आवाज फुटत असलेल्यांना फक्त 'सावधान' द्या. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, त्याच्या ओळीत १९ अक्षरं, १२ वर यती (विसावा). तिथे सगळ्यांनी एकत्र श्वास घ्यायचा. मुलांना मंगलाष्टकांची चाल घरच्या लग्नांतून माहीत असते, पण गावागणिक ती वेगळी असते. कुठली घ्यायची ते पहिल्याच दिवशी ठरवून सगळ्यांकडून तीच घोटून घ्या. लय प्रत्येक कडव्याला किंचित वाढवा, ठेका देऊ नका. शारदा आणि भुजंगनाथ सगोत्र असल्याची बातमी येते तेव्हा समूह ओळीच्या मधेच, यतीच्या जागी तुटला पाहिजे. ओळ पूर्ण करून थांबलात तर धक्का बसत नाही. तिथे ऑर्गनही लगेच बंद, षड्जसुद्धा नको.

तिसरी_घंटा

शारदा एकच ठेवा. मध्येच चेहरा बदलला की मध्यंतरापर्यंत जमवलेली सगळी काळजी प्रेक्षकाच्या मनातून निसटते, आणि दोघींपैकी कुणालाच भूमिकेचा चढ मिळत नाही. त्याऐवजी दुसऱ्या मुलीला पहिल्या दिवसापासून शारदेची सगळी वाक्यं आणि पदं पाठ करायला लावा, तिची पट्टीही तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहा. तिला मैत्रिणींमध्ये उभी करा म्हणजे ती सगळ्या तालमी जवळून बघते. तुमचे प्रयोग दोन आहेत, तेव्हा शक्य असेल तर नाट्यगृहातला एकीला आणि प्राकारातला दुसरीला द्या. प्राकारासाठी जिचा आवाज जास्त मोकळा लागतो ती घ्या. पण मग तिच्यासोबत निदान तीन सलग तालमी साथीसह झाल्या पाहिजेत, कारण तिची पट्टी वेगळी असेल तर बुवांनाही ती हाताला बसावी लागते.